औषधी व रंगदायी वनस्पतींचे ऊतिसंवर्धन : बाटलीआधी मातृवेल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात आपली रोपवाटिका आहे आणि तीत सध्या फळझाडांची कलमे व शोभेची झाडे तयार होतात. नैसर्गिक रंगांनी सूत व कापड रंगवणाऱ्या काही गटांकडून मंजिष्ठा आणि बारतोंडीच्या रोपांची, तर औषधी वनस्पतींच्या लागवडदारांकडून सफेद मुसळी, सर्पगंधा आणि नरक्या यांच्या रोपांची विचारणा होऊ लागली आहे. अशा वेळी छोटी ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर, म्हणजे वनस्पतीच्या लहान तुकड्यापासून बाटलीतल्या निर्जंतुक पोषक माध्यमावर रोपे वाढवण्याची) प्रयोगशाळा उभारावी का, उभारल्यास सुरुवात कोणत्या वनस्पतीपासून आणि कशी करावी, आणि मुळे खणण्याऐवजी रंगद्रव्य थेट प्रयोगशाळेतच तयार करता येईल का, असे आपण विचारले आहे. वनस्पतीशास्त्राचे शिक्षण आपण घेतलेले असल्यामुळे मूलभूत संज्ञा समजावण्यात वेळ न घालवता उत्तर देतो.

महाराष्ट्रात टिश्यू कल्चर म्हटले की डोळ्यांसमोर केळी येते, आणि या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची रोपे प्रयोगशाळेतून घेणारा शेतकरी काय विकत घेतो, हे त्याला नेमके ठाऊक असते. वाण ठरलेला आहे, घडाचे वजन माहीत आहे, बी धरत नसल्यामुळे अभिवृद्धी कंदापासूनच करावी लागते, आणि कंदाबरोबर येणारे विषाणू व सूत्रकृमी टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तपासलेल्या मातृरोपापासून बाटलीत वाढवलेले रोप. मंजिष्ठेच्या बाबतीत यातली जवळजवळ कोणतीच गोष्ट खरी नाही. आपल्या डोंगरउतारांवरची मंजिष्ठा रानटी आहे, ती बियांपासून येते, शेजारी शेजारी वाढणाऱ्या दोन वेली आनुवंशिकदृष्ट्या भिन्न असतात, आणि जिच्यासाठी आपण तिची लागवड करणार आहोत ती गोष्ट जमिनीखाली, मुळाच्या सालीत दडलेली असते. ऊतिसंवर्धन वेलीची हुबेहूब प्रत काढून देते. मूळ वेलीत रंग कमी असेल, तर कमी रंगाच्या दहा हजार वेली आपण मोठ्या खर्चाने आणि काळजीने तयार कराल. म्हणून माझ्या मते आपल्या कामाचा आरंभ प्रयोगशाळेत होत नाही. तो मातृवेलींच्या निवडीत होतो, आणि या निवडीला दोन-तीन वर्षे लागतात हे आधीच मान्य करावे लागते.

ही निवड मंजिष्ठेपुरती कशी करावी ते सविस्तर सांगतो, कारण इतर मूळवर्गीय वनस्पतींनाही तीच रीत थोड्या फरकाने लागू पडते. प्रथम ओळख पक्की करावी. चौकोनी खोड, खोडावर व पानांवर उलटे बारीक काटे, आणि प्रत्येक पेरावर चार पानांचे चक्र या खुणांवरून मंजिष्ठा म्हणजे रुबिया कॉर्डिफोलिया ओळखली जाते. परंतु रुबिया वंशातील जवळच्या जाती दिसायला सारख्या असतात, म्हणून फुला-फळांसह दाबलेला नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा एखाद्या विद्यापीठाच्या वनस्पती संग्रहालयात तपासून घ्यावा. त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणच्या निदान पंधरा-वीस वेली निवडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक वेलीच्या बाजूच्या एक-दोन मुळांचाच तुकडा घ्यावा, म्हणजे वेल जगते. सर्व तुकडे एकाच हंगामात घ्यावेत आणि साधारण सारख्याच जाडीचे घ्यावेत. हा जाडीचा मुद्दा अनेक जण सोडून देतात. मध्य भारतात पूर्वी आलाची, म्हणजे बारतोंडीच्याच वंशातील रंगाच्या झाडाची, शेती होत असे तेव्हा बारीक मुळांना चांगला भाव मिळे आणि फार जाड मुळे टाकून दिली जात, कारण रंग सालीत असतो आणि मूळ जाड होत गेले की त्यात सालीच्या तुलनेत लाकूड वाढते. एका वेलीचे बोटभर जाडीचे मूळ आणि दुसऱ्या वेलीचे काडीएवढे मूळ यांची तुलना केली, तर निष्कर्ष चुकणारच.

रंगाची तपासणी दोन पातळ्यांवर होते. पहिली आपण स्वतः करू शकता : प्रत्येक नमुन्याची वजन केलेली, वाळवून दळलेली पूड, तुरटीचा पाश दिलेले, म्हणजे रंग पक्का धरावा म्हणून तुरटीच्या पाण्यात भिजवलेले, सारख्याच वजनाचे सुती कापड, सारखेच पाणी, सारखेच तापमान आणि सारखाच वेळ. अशा पंधरा पट्ट्या शेजारी शेजारी वाळत घातल्या की फरक डोळ्यांना दिसतो. एखादी पट्टी विटकरी, एखादी फिकट नारिंगी, तर एखादी दाट लाल असते. पाण्यात लोहाचा अंश असेल तर लाल रंग जांभळट-तपकिरीकडे झुकतो, म्हणून सर्व नमुन्यांना एकाच ठिकाणचे पाणी वापरावे. दुसरी पातळी रासायनिक विश्लेषणाची आहे. भारतीय मंजिष्ठेत परप्युरिन आणि मुंजिस्टिन हे अँथ्राक्विनोन गटातील घटक प्रमुख असतात, तर युरोपातील रुबिया टिंक्टोरम या जातीत अलिझारिन प्रमुख असते, त्यामुळे प्रयोगशाळेला केवळ अलिझारिन मोजायला सांगितले तर आपल्या वेलीवर अन्याय होईल. एच.पी.टी.एल.सी. या, मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने या घटकांची तुलनात्मक मोजणी करून मिळते आणि औषधी वनस्पतींची तपासणी करणाऱ्या अनेक प्रयोगशाळा ती करून देतात.

तरीही एक प्रश्न उरतो. जंगलातल्या एका वेलीत रंग जास्त आढळला, तर तो तिच्या आनुवंशिक गुणामुळे आहे की ती वाढली त्या मातीमुळे, सावलीमुळे आणि तिच्या वयामुळे आहे? याचे उत्तर मिळवण्याचा एकच मार्ग आहे. निवडलेल्या सर्व वेलींचे छाट आपल्याच शेतात, एकाच मातीत, एकाच वेळी लावावेत आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा मुळे तपासावीत. तिथेही ज्या तीन-चार वेली वरचढ ठरतात, त्या खऱ्या मातृवेली. मंजिष्ठेचे पेर ओलाव्यात सहज मुळे धरतात, त्यामुळे या टप्प्यासाठी प्रयोगशाळेची गरजच पडत नाही.

इथे संशोधनपर लेखांविषयी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण आपण ते वाचून कृती ठरवणार असे आपल्या पत्रावरून दिसते. औषधी वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनावरील पुष्कळ लेखांत बी निर्जंतुक करून बाटलीतच रुजवलेले असते आणि त्या कोवळ्या रोपाच्या बीजपत्राच्या पेरापासून अनेक फुटवे काढलेले असतात. असे रोप जन्मतःच स्वच्छ असते, संसर्ग कमी होतो, कोवळ्या ऊती पटकन प्रतिसाद देतात आणि फुटव्यांचे आकडे मोठे दिसतात. अभ्यास म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु त्या रोपाच्या मुळात पुढे किती रंग किंवा औषधी द्रव्य असेल, हे कोणालाच माहीत नसते, आणि म्हणून व्यावसायिक अभिवृद्धीसाठी ती कृती जशीच्या तशी कामाची नसते. आपल्याला वाढलेल्या, तपासलेल्या वेलीच्या किंवा झाडाच्या डोळ्यापासून सुरुवात करायची आहे. ते काम अधिक अवघड आहे, पण अशक्य नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास शंभर वर्षांच्या सागवानाच्या डोळ्यांपासून रोपे तयार करण्यात आली होती.

आता आपण विचारलेल्या आणि त्यांच्या जवळच्या काही वनस्पतींपैकी ऊतिसंवर्धन कोणाला खरोखर लागते, हे पाहू. नीळ देणाऱ्या इंडिगोफेराला ते मुळीच लागत नाही. ती बियांपासून भरपूर येते, पानांसाठीच घ्यायची असते, आणि महागडे रोप लावून तिचे अर्थशास्त्र कधीच जुळणार नाही. बारतोंडीही बियांपासून येते. तिच्या बियांचे कवच कठीण असल्यामुळे उगवण रेंगाळते, पण कवच टोकाला कापले किंवा घासले की ती सुधारते. शेंद्रीच्या झाडाझाडांत बियांवरच्या रंगाचे प्रमाण फार बदलते, त्यामुळे निवडक झाडाची प्रत काढणे तिथे अर्थपूर्ण आहे, मात्र ते काम कलमाने होते आणि कलमांत आपला हात बसलेला आहेच. कोकमात नर व मादी झाडे वेगळी असतात आणि फुले येईपर्यंत लिंग कळत नाही. तरीसुद्धा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेल्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या वाणांची कलमे बांधता येतात, म्हणून तिथेही बाटलीची घाई नको.

सफेद मुसळीचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम हे तिचे नाव बोरिवलीवरून पडले आहे; सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची लागवड खोडाच्या चकतीसह तोडलेल्या मुळांच्या जुडग्यापासून होते, एकरी बेणे खूप लागते आणि बेण्याबरोबर कूजही येते. त्यामुळे खोडाच्या चकतीवरील डोळ्यांपासून बाटलीत फुटवे काढून स्वच्छ बेणे तयार करणे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. परंतु २००० सालाच्या आसपास मुसळीची जी लाट आली, तिच्यात पुष्कळ शेतकऱ्यांची कमाई वाळलेल्या मुसळीच्या विक्रीतून न होता एकमेकांना बेणे विकण्यातून होत होती, आणि बेण्याचे गिऱ्हाईक संपताच भाव कोसळला, हे विसरू नये. आपल्याकडे रोपे मागणाऱ्यांना वाळलेला माल कोण विकत घेणार आहे, हे विचारूनच मागणी मोजावी.

सर्पगंधेच्या बियांचे कवच दगडासारखे असते आणि उगवण अनियमित होते, म्हणून तिच्यावर ऊतिसंवर्धनाचे काम पुष्कळ झाले आहे. मात्र बियांपासून आलेल्या सर्पगंधेला सोटमूळ असते आणि मुळांचे उत्पन्न छाटापासून केलेल्या रोपांपेक्षा अधिक मिळते, असा लागवडीचा अनुभव आहे. बाटलीतल्या रोपाची मुळेही आगंतुक, म्हणजे सोटमुळाऐवजी खोडातून फुटलेली मुळेच असतात. म्हणून मूळ हेच उत्पन्न असलेल्या कोणत्याही वनस्पतीत बियांचे रोप, छाटाचे रोप आणि ऊतिसंवर्धित रोप अशी तिन्ही शेजारी लावून खणून पाहिल्याशिवाय ग्राहकाला कोणतेही आश्वासन देऊ नये.

नरक्यासाठी ऊतिसंवर्धनाची बाजू सर्वांत भक्कम आहे. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर असल्याचे दाखवले, आणि कर्करोगावरील टोपोटेकान व आयरिनोटेकान ही औषधे त्यापासून तयार होऊ लागल्यावर सह्याद्रीतील नरक्यावर कुऱ्हाड चालली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी पश्चिम घाटातील झाडे तपासली तेव्हा झाडागणिक या द्रव्याच्या प्रमाणात मोठा फरक आढळला. बियांपासून केलेल्या रोपांत तो फरक पुन्हा विखुरतो, तर अधिक द्रव्याच्या झाडाची प्रत काढली तर तेवढ्याच उत्पन्नासाठी कमी झाडे तोडावी लागतात. अडचण अशी की वाढलेल्या झाडाच्या डोळ्यांपासून सुरुवात करणे कठीण जाते. त्यावर उपाय म्हणजे झाडाची एखादी फांदी छाटून नवे फुटवे आणणे, किंवा त्याच्या काड्यांचे कलम बियांच्या कोवळ्या रोपांवर करून ती रोपे छपराखाली कुंडीत ठेवणे. अशा कलमावरच्या नव्या फुटीचे पेर बाटलीत लवकर प्रतिसाद देतात. वृक्षवर्गीय वनस्पतींना ऊतिसंवर्धनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमातील अमोनियमचे प्रमाण कधीकधी जास्त होते, तिथे लॉइड आणि मॅककाऊन यांचे काष्ठीय वनस्पती माध्यम वापरून पाहावे.

प्रत्यक्ष कृती मंजिष्ठा धरूनच सांगतो. निवडलेल्या मातृवेलींची कुंडीतील रोपे निदान दोन-तीन महिने पारदर्शक छपराखाली ठेवावीत, पाणी फक्त मातीत द्यावे, पाने भिजू देऊ नयेत, आणि दहा-पंधरा दिवसांनी कार्बेन्डाझिमची फवारणी करावी. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात उघड्यावरच्या वेलीचे पेर आणून ते निर्जंतुक करण्याचा प्रयत्न करणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय, कारण मंजिष्ठेच्या खोडाच्या खाचांत आणि काट्यांच्या बुडाशी बुरशीचे बीजाणू अडकून बसतात. शेंड्याकडचे तिसरे-चौथे पेर घ्यावे. ते फार कोवळेही नसते आणि निबरही नसते. पाने काढून दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवावेत, ट्वीन २० या साबणासारख्या द्रवाचे काही थेंब घातलेल्या पाण्यात हलवावेत, मग लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात, ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट बुडवून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ठेवावेत आणि निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवावेत. बहुतेक जुन्या कृतींत ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड दिलेले असते. ते प्रभावी आहे, पण ते पाऱ्याचे विष आहे आणि ते द्रावण गटारात किंवा शेतात ओतता येत नाही. घरगुती स्वरूपाच्या प्रयोगशाळेत ते आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हायपोक्लोराइटने काही तुकडे जास्त दगावतील, तेवढे सोसावे.

सुरुवातीचे माध्यम म्हणून १९६२ पासून वापरात असलेले मुराशिगे-स्कूग माध्यम घ्यावे : लिटरला ३० ग्रॅम साखर, ७ ते ८ ग्रॅम अगार, सामू ५.७ ते ५.८, आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे. फुटव्यांसाठी बी.ए. हे सायटोकायनिन (फुटवे आणणारे संप्रेरक) लिटरला अर्धा ते दोन मिलिग्रॅम या पट्ट्यात वेगवेगळ्या मात्रांनी तपासावे. मुळे धरण्यासाठी माध्यमातील क्षार निम्मे करून आय.बी.ए. हे ऑक्सिन (मुळे आणणारे संप्रेरक) अर्धा ते एक मिलिग्रॅम द्यावे. ऑक्सिन आणि सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर मुळे येणार की फुटवे हे ठरते, हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूवर दाखवले होते आणि आपले सगळे काम अजूनही त्याच पायावर उभे आहे. कापलेल्या टोकाभोवती माध्यम तपकिरी होऊ लागले तर पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा तुकडा नव्या माध्यमात हलवावा आणि सुरुवातीचे काही दिवस अंधारात ठेवावा. एस्कॉर्बिक आम्लाचाही उपयोग होतो. वाढकक्षात २५ अंशांच्या आसपास तापमान आणि १६ तास प्रकाश पुरेसा असतो.

बाटल्या पाहण्याची एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. बुरशी स्वतःच दिसते, पण वेलीच्या आत राहणारे जिवाणू पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहीच खूण देत नाहीत. बाटली उजेडासमोर धरून तळाकडून पाहिली तर खोड अगारात शिरते तिथे दुधी, धुरकट वलय दिसते. फुटवा मात्र हिरवागार असतो आणि टाकून द्यायला मन होत नाही. ती बाटली न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घालावी. तिच्यातला एक फुटवा पुढच्या फेरीत, म्हणजे फुटवे कापून नव्या बाटल्यांत लावताना, गेला तर पुढच्या सगळ्या बाटल्यांत तेच वलय येते. दुसरी खूण फुटव्याच्या बुडाशी पाहायची. तिथे फिकट, भुसभुशीत गाठ म्हणजे कॅलस वाढू लागला असेल, तर फुटवे कापताना तो पूर्ण खरवडून टाकावा आणि त्यातून निघालेले फुटवे कधीही घेऊ नयेत. कॅलसमधून उगवलेल्या रोपांत आनुवंशिक बदल होतात. लार्किन आणि स्काऊक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये या घटनेकडे पैदासकारांचे लक्ष एक संधी म्हणून वेधले होते, परंतु तीन वर्षे खपून निवडलेल्या मातृवेलीची हुबेहूब प्रत ज्याला हवी आहे, त्याच्यासाठी ती हानीच आहे. तपासलेला डोळा आणि त्याच डोळ्यातून फुटणारी फांदी, एवढाच मार्ग ठेवावा, आणि एका तुकड्यापासून सात-आठ फेऱ्यांपलीकडे न जाता मातृवेलीकडून पुन्हा नवे पेर घ्यावे. पाने काचेसारखी पारदर्शक व पाणीदार दिसू लागली, तर बी.ए. कमी करावे, अगार किंचित वाढवावा आणि हवा खेळेल अशी झाकणे वापरावीत.

संख्येच्या अपेक्षा वास्तवात ठेवाव्यात. एका फुटव्यापासून चार आठवड्यांत चार फुटवे मिळाले, तर पाच फेऱ्यांत एकाचे १,०२४ होतात, असे माहितीपत्रकांत लिहिलेले असते. प्रत्येक फेरीत दहा टक्के बाटल्या संसर्गाने गेल्या असे धरले, तर तोच आकडा सुमारे ६०५ वर येतो. त्यांतील ८० टक्क्यांना मुळे आली तर ४८४ उरतात, आणि कुंडीत गेल्यावर ७५ टक्के जगली तर हाती ३६३ रोपे येतात. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत. आपल्या नोंदीवरून आपले स्वतःचे आकडे काढावेत आणि रोपाची किंमत शेवटच्या आकड्यावर ठरवावी.

या गणितातला शेवटचा टप्पा, म्हणजे बाटलीतले रोप हळूहळू बाहेरच्या हवेला सरावण्याचे हार्डनिंग, हा माझ्या अनुभवात सर्वाधिक दुर्लक्षित आहे आणि आपली खरी ताकदही तिथेच आहे. बाटलीतल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर जवळजवळ नसतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, आणि ते आजवर साखरेवर जगलेले असते. बाहेर काढताना मुळांना चिकटलेला अगार कोमट पाण्यात बोटांनी अलगद सोडवावा. त्याचा वाटाण्याएवढा गोळा जरी मुळांच्या मध्ये राहिला, तरी त्यातल्या साखरेवर बुरशी धरते आणि रोप आठव्या-दहाव्या दिवशी बुडातून कोलमडते. निर्जंतुक केलेल्या कोकोपीटमध्ये प्रो-ट्रेत (कप्प्यांच्या ट्रेत) लावून पहिला आठवडा पॉलिटनेल (वरचा प्लॅस्टिकचा बोगदा) पूर्ण बंद ठेवावा, आतली आर्द्रता ८५-९० टक्के राहील असे पाहावे, पण कोकोपीट चिखलासारखे होऊ देऊ नये. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी थोडा वेळ कडा उघडाव्यात आणि तो वेळ रोज वाढवत न्यावा. नवे पान फुटून त्याला दाट हिरवा रंग आला की रोप हवेतल्या कर्बावर जगू लागले असे समजावे. बाटलीत असतानाची जुनी पाने वाळली तरी घाबरू नये. जून-जुलैत आपल्या भागात आर्द्रता आयती मिळते खरी, पण उजेड अगदी कमी असतो आणि कूज वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे बाहेर काढणे मला अधिक सुरक्षित वाटते.

रंगद्रव्य थेट प्रयोगशाळेत तयार करण्याविषयी आपण विचारले आहे. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेले आहे. जपानमध्ये मित्सुई पेट्रोकेमिकल या कंपनीने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लिथोस्पर्मम या वनस्पतीच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून शिकोनिन हे लाल रंगद्रव्य व्यापारी प्रमाणावर काढले आणि ते लिपस्टिकमध्येही वापरले गेले. आपल्याकडे तेलाला व रस्स्याला लाल रंग आणण्यासाठी जे रतनजोत वापरतात, त्याचे रंगद्रव्य याच कुळातले आहे. शेतातल्या वनस्पतीला काही वर्षे लागतात ते काम पेशींनी काही आठवड्यांत केले, परंतु त्यासाठी पेशी एका माध्यमात वाढवून दुसऱ्या माध्यमात रंगासाठी हलवाव्या लागत, कारण प्रकाश आणि अमोनियम या दोन्हींनी शिकोनिन थांबते. बारतोंडीच्या वंशातील मोरिंडा सिट्रिफोलियाच्या पेशींवरही १९७० च्या दशकात जर्मनीत काम झाले आणि त्यात असे दिसले की एन.ए.ए. हे ऑक्सिन दिले तर पेशींत अँथ्राक्विनोन साठतात, पण २,४-डी दिले तर पेशी वाढतात आणि रंग मात्र येत नाही. हे २,४-डी म्हणजे शेतकरी तणनाशक म्हणून वापरतात तेच.

परंतु व्यवसाय म्हणून मी आपल्याला या वाटेला जाऊ नका असेच सांगेन. पेशींच्या टाक्यांना भांडवल, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि रंगद्रव्याचा भाव औषधासारखा चढा असेल तरच ते परवडते. अलिझारिन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाले आणि त्यानंतर युरोपातील मंजिष्ठेची शेती बसली. कृत्रिम रंग इतका स्वस्त आहे की पेशींपासून काढलेला रंग त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. आपल्याकडे येणारा ग्राहक मुळाचाच रंग मागतो, कारण मंजिष्ठेतील अनेक घटकांच्या एकत्रित छटेसाठी तो अधिक पैसे मोजतो. त्याला चांगले मूळ मिळेल असे रोप देणे, हे आपल्या आवाक्यातले काम आहे.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. जंगलातून मातृवेलीचे छाट किंवा मुळे घेण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि जैवविविधता कायदा, २००२ खालील तरतुदींविषयी नागपूर येथील राज्य जैवविविधता मंडळाकडे चौकशी करावी. सर्पगंधा साइट्स या, धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे तिच्या लागवडीच्या उगमाची कागदपत्रे पुढे ग्राहकाला लागतात. दुसरी गोष्ट अशी की ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये सुरू केली असून तिच्याशी संलग्न प्रयोगशाळांतून रोपे मातृवेलीशी आनुवंशिकदृष्ट्या जुळतात का, हे तपासून मिळते. ही तपासणी हार्डनिंग झालेल्या रोपांच्या नमुन्यावर एकदा जरूर करून घ्यावी. तसेच एखाद्या संस्थेने आपल्याकडे जंगलात पुनर्लागवडीसाठी रोपे मागितली, तर तिला एकाच मातृवेलीच्या प्रती देऊ नयेत. तिथे अनेक वेलींच्या बियांपासून केलेली रोपेच द्यावीत, कारण जंगलाला विविधता लागते.

तेव्हा प्रयोगशाळा आत्ता उभारू नये, असे माझे उत्तर आहे. पहिली दोन-तीन वर्षे मातृवेलींची निवड, छाटांची तुलनात्मक लागवड आणि हार्डनिंगची व्यवस्था यांवर खर्च करावीत. या काळात मंजिष्ठेची छाटांची आणि बारतोंडीची बियांची रोपे विकून ग्राहकही टिकवता येतील. निवड पक्की झाल्यावर आपली मातृरोपे देऊन एखाद्या चालू प्रयोगशाळेकडून काम करून घ्यावे. केळीच्या हंगामाबाहेर काही प्रयोगशाळा अशी कामे घेतात. करारात तीन अटी लिहून घ्याव्यात : फुटवे फक्त डोळ्यांपासून काढले जातील, फेऱ्यांची मर्यादा पाळली जाईल, आणि प्रत्येक मातृवेलीच्या बाटल्या वेगळ्या क्रमांकाने ठेवल्या जातील. मुळे धरलेली रोपे बाटलीसह आपल्याकडे आणून हार्डनिंग आपणच करावे. अशा दोन हंगामांनंतरही नरक्याची किंवा मंजिष्ठेची मागणी टिकून असेल, तर आपल्या नोंदवहीतले आकडे घेऊन प्रयोगशाळेचा आराखडा करू.

मुळांचे पहिले नमुने यंदाच पाठवायचे असतील, तर पाऊस ओसरून वेलीची फळे पिकल्यानंतर घ्यावेत, पाण्याने माती धुवून सावलीत पूर्ण वाळवावेत, प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत भरावेत, आणि पिशवीवर वेलीचा क्रमांक, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि मुळाची जाडी पेन्सिलीने लिहावी.